साहेबांचा केक आणि माझं मिटलेलं तोंड

तीर्थस्वरूप मामा,

उभ्यानेच नमस्कार करतो. (साष्टांग घातला असता, पण पोटावर पालथं पडण्याचे दिवस सध्या नाहीत.) मामींचे गुडघे कसे आहेत? तुमची प्रकृती विचारत नाही. तुम्ही ‘ठणठणीत’ लिहिणार आणि खाली मामी खरं लिहिणार.

माझी गोदामाच्या कचेरीतली कच्ची नोकरी या महिन्यात पक्की तरी होणार होती, नाहीतर जाणार होती. त्यातच डॉक्टरांनी निदान केलं, सीलिअ‍ॅक. म्हणजे गव्हाचा कण पोटात गेला की माझी आतडी माझ्यावरच उलटतात. यावर गोळी नाही, जन्मभर गहू बंद एवढंच. (हेडक्लार्कांची वर्षभर खात्री होती की मी शौचालयात बसून सिनेमे बघतो. तिथे माझी जी गत असायची, ती बघून त्यांनीच तिकीट काढून मला घरी पाठवलं असतं.)

आमच्याकडे चाल अशी, की साहेब आपल्या वाढदिवसाला स्वतःच्या हाताने प्रत्येकाला केकचा पहिला घास भरवतात, उरलेला बशीत देतात. जो खातो तो आपला माणूस. मी कपाटाआड लपलो, तर साहेब घास घेऊन तिथेच दत्त म्हणून उभे. एवढ्या माणसांदेखत आतड्यांचं पुराण कसं लावू? मी तोंड घट्ट मिटून मान हलवली. नेमकी त्याच सकाळी पगारवाढ रद्द झाल्याची सूचना फळ्यावर लागली होती. ती सगळ्यांनी वाचली होती, मी सोडून. (मी तेव्हा कुठे होतो ते वर आलंच आहे.) टायपिस्ट बाईंनी आपली बशी खाली ठेवली. मग हमालांनी ठेवली, मग सगळ्यांनी. हेडक्लार्कांनीही ठेवली, पण घास गिळून. ध्यानीमनी नसताना मी पुढारी झालो.

साहेबांनी आत बोलावलं. भीतीने मी सगळं सांगून टाकलं, नको तितकं तपशिलात.

“म्हणजे हा संप नाही?”

“नाही साहेब, पोट आहे.”

त्यांना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी तिथल्या तिथे माझी नोकरी पक्की केली आणि शौचालयाजवळचं टेबल दिलं. पगारवाढ कुणालाच मिळाली नाही. तरी मी बाहेर आल्यावर टाळ्या पडल्या.

आपला,
भाचा (आता कायम)

ता. क. पत्र खरं तर यासाठी. डॉक्टर म्हणाले, हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो. मला तुमच्या सुटलेल्या नोकऱ्या आठवल्या, छापखाना, पोस्ट, शाळा. दर वेळी पोटामुळे सुटल्या आणि दर वेळी घरच्यांनी तुम्हाला कामचुकार म्हटलं. आजोबांनी सगळ्यात मोठ्याने. मामा, तुम्ही कामचुकार नव्हता असं मला वाटतं. एवढी रक्ततपासणी करून घ्या.

पुन्हा ता. क. तपासणीपर्यंत गहू सोडू नका, नाहीतर आजार सापडत नाही. आणि निकाल माझ्यासारखाच आला, तर तो आधी आजोबांना वाचून दाखवा. त्यांना कमी ऐकू येतं, तेव्हा चांगलं ओरडून वाचा. शेजारच्यांनाही कळू दे.