आर्याजींच्या वाट्याचा ध्वज

मी, रामकिसन कडुबा दाभाडे, वय बहात्तर, धंदा शिवणकाम, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. सुई अजून चष्म्याशिवाय ओवतो; शंका असेल त्याने येऊन बघावं.

१. मुकुंदवाडीचं दोन खोल्यांचं राहतं घर माझा मुलगा सुदर्शन याला मिळावं. बहात्तरच्या दुष्काळात मी आणि माझी पत्नी कालकथित मनकर्णाबाई गाव सोडून आलो, तेव्हा इथे ज्वारीची रानं होती. आता थेट चिकलठाण्यापर्यंत इमारती झाल्या, आणि यंदा पुन्हा टँकरमागे हंडे घेऊन पळतो आहोत. सुदर्शनने घर बिल्डरला देऊ नये. दिलंच, तर मी काही उठून भांडायला येणार नाही, पण देऊ नये.

२. शिलाई मशीन सूनबाई सोनियाला. तिचा हात साफ आहे. फक्त विहाराचा ध्वज तिने छापील कापडाचा विकू नये, पट्ट्या जोडूनच शिवावा.

३. माझी मुलगी सुकेशनी, हल्ली आर्या सुमंगला, राहणार कोलंबोजवळचा भिक्खुणी विहार. वकिलांनी हे कलम एका ओळीत उरकायला सांगितलं होतं. उरकत नाही.

आमच्या विहारासाठी मी ध्वज शिवायचो ते पाच पट्ट्यांचे: निळी, पिवळी, लाल, पांढरी, केशरी. नावच पंचशील ध्वज, म्हणून पाच शीलांचे पाच रंग, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. सुकेशनी कॉलेजात पाली शिकू लागली आणि एक दिवस मशीनजवळ येऊन म्हणाली, "बाबा, सहावी पट्टी कुठंय?"

"सहावा रंग कोणता गं?"

"तिला सोताचा रंग नाय. पाचही रंग एकाखाली एक लावायचे. बुद्धाच्या अंगातून सहा रंगांची प्रभा निघाली म्हणतात, त्यातली ही सहावी, समद्यांची मिळून."

निळा करुणेचा, पिवळा मध्यम मार्गाचा, पांढरा शुद्धतेचा, हे मला तिनेच शिकवलं. १८८५ साली हा ध्वज कोलंबोत पहिल्यांदा लागला आणि पुढे देशोदेशीच्या बौद्धांनी आपला मानला, हेही. विहार समितीचे तात्यासाहेब म्हणाले, "पाचाचा काय वाईट व्हता? कापड लई जातंय." मी सहावी लावलीच. आणि पोरगी, हा ध्वज जिथे पहिल्यांदा लागला तिथे शिकायला म्हणून गेली, ती भिक्खुणीचं चीवर घेऊन तिथलीच झाली.

"लगीन जमत नसंल," असं तात्यासाहेब चारचौघांत बोलले होते. माझ्या शोकसभेत त्यांना भाषण करू देऊ नये. चहा द्यावा.

मागच्या वर्षी ती आली, तेव्हा मी लगबगीने तिचा हात धरायला गेलो. ती मागे सरली. भिक्खुणीला पुरुषाने स्पर्श करायचा नसतो, बापानेही. मग मी खाली बसून वंदन केलं आणि म्हणालो, "आर्याजी, घरात तुमचा बी वाटा लावतोय."

"उपासक, मला घर नाही," ती म्हणाली.

आवाज तोच होता. पण होती तेवढे दिवस मी तिच्यासाठी इतर गृहस्थांसारखा उपासकच राहिलो. तिच्या निर्णयाचा मला अभिमान आहे. आणि तिच्या आठवणीशिवाय माझा एक दिवस जात नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

तिला घर, पैसा चालत नाही; संघाला दान चालतं. म्हणून मी शिवलेला सहा पट्ट्यांचा सुती ध्वज सुदर्शनने तिच्या विहाराला स्वतः नेऊन द्यावा, पोस्टाने पाठवू नये. माझ्यानंतरच्या पहिल्या वैशाख पौर्णिमेला तो तिच्या हातून लागावा, अशी विनंती आहे. ध्वज वर चढत असताना तिने मला एकदा बाबा म्हणावं. मोठ्याने नको, मनात म्हटलं तरी पुरे. तोवर मी कोणाचा उपासक उरलेलो नसेन, त्यामुळे तिचा नियमही मोडणार नाही.

वाचून, समजून सही केली:
रामकिसन कडुबा दाभाडे

आमच्यासमक्ष सही झाली:
१. त्रिंबक अजिनाथ कोळेकर, शेजारी
२. गीताबाई रामहरी खरात, विहारातील उपासिका

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
वैशाख पौर्णिमा, २३ मे २०२४