उजवीकडची सीट

५ एप्रिल, शनिवार

नवऱ्याची मस्टँग गाडी पूर्ण झाली! हेमचंद्रने अर्धवट सोडलेलं सगळं करून घेतलं — मागचे लाल इंडिकेटर काढून पिवळे, मागच्या सीटला स्वानंदीसाठी पट्टे, आणि त्याच्या हट्टाचा तो गडद हिरवा रंग. मेकॅनिक डेक्लन म्हणाला, "शी इज ग्रँड नाऊ, डॉक्टर." नारळ फोडला. स्वानंदी रडली. मी नाही. फेब्रुवारीत त्याचं हृदय बंद पडलं, तेव्हापासून मला रडायला सवडच झालेली नाही.

महिनाभर हौस भागवायची, मग गाडी लेटरकेनीला ज्ञानेशकडे. हेमचंद्रचा जुना मित्र, सांभाळेल नीट.

१३ एप्रिल, रविवार

मलिंगार ते स्लायगो, जाऊन आलो. वैताग! अमेरिकन गाडी, स्टिअरिंग डावीकडे, आणि इथे आयर्लंडमध्ये चालवायचंही डावीकडूनच. ट्रकला ओव्हरटेक करायचं तर समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. ते उजवीकडे बसणाऱ्याने बघून सांगायचं. ते काम माझं असायचं. "थांब" म्हटलं की थांबायचा, "जा" म्हटलं की बेलाशक जायचा. आयुष्यात तेवढंच ऐकलं माझं!

आता ती सीट रिकामी. स्वानंदी मागेच बसते. "दॅट्स युवर सीट, आई." मग काय, तासभर ट्रॅक्टरच्या मागे रांगत आलो.

२० एप्रिल, रविवार

आज कंटाळून एका ट्रकमागून गाडी बाहेर काढली, तोच उजवीकडून — "थांब." झटकन आत घेतली. समोरून दुधाचा टँकर गेला.

स्वानंदीला शाबासकी दिली. तिने हेडफोन काढले. "व्हॉट?"

ती मराठीत कधी बोलतच नाही. हे घरी आल्यावर सुचलं.

२१ एप्रिल

झोप अपुरी, बाकी काही नाही. दुःखात मेंदू असे खेळ करतो, पेशंटना मीच सांगते.

२७ एप्रिल, रविवार

"जा" — गेले. रस्ता मोकळा! "थांब" — थांबले, गाडी आली. दिवसभर एकदाही चुकला नाही. आवाज त्याचाच आहे, लिहूनच टाकते. येताना मी सारखी बोलत होते त्याच्याशी. घरी आल्यावर पोटभर रडले. फार बरं वाटलं.

गाडी द्यायची नाही.

३ मे, शनिवार

स्वानंदी गाडीत बसायलाच तयार नाही. "यू टॉक टू नोबडी, आई. आय'म स्केअर्ड." तिचा चेहरा बघून लाज वाटली. ज्ञानेशला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, उद्याच घेऊन या. परत मी सोडतो तुम्हाला."

मग गॅरेजमध्ये जाऊन हेमचंद्रला सांगितलं, उद्या तुला सोडून येणार. गाडी आतून गार पडली होती, बाहेर चांगलं ऊन असताना.

स्वानंदी म्हणाली, उद्या पुढे मी बसेन. "आय'ल डू युवर जॉब."

४ मे, रविवार

लेटरकेनी. पोचलो. वाटेत ट्रकमागून गाडी बाहेर काढली आणि शेजारी स्वानंदी किंचाळली, "आई, स्टॉप!" समोरून लॉरी, अगदी अंगावर. तिच्यामुळे वाचलो.

मी बाहेर काढली, कारण मागच्या सीटवरून तो म्हणाला होता, "जा."