डाव्या मागच्या चाकावरची सीट

बाबा, तुमच्या सीटवर या उन्हाळ्यापर्यंत कोणी बसत नव्हतं. हे तुम्हाला सांगायचं म्हणून कागद पुढे ओढला, आणि मग लक्षात आलं की तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी एकदाही बोललेली नाही. आई बोलते. भाजी निवडताना, कूलरमध्ये पाणी भरताना ती तुम्हाला घरातलं काहीबाही सांगत असते. मला ते कधी जमलं नाही. आपलं बोलणं सगळं वर्कशॉपमधलं, चाकांचं आणि स्प्रिंगच्या पाट्यांचं. जे झालं तेही त्यातलंच आहे, आणि दुसऱ्या कोणाला सांगावं असं वाटत नाही.

मी अजून वाडीच्या वर्कशॉपमध्येच आहे. गोदामांच्या मागे तीच शेड, जिथं तुम्ही फोरमन होता. कारखान्यातल्या बायांना नंदनवन, महाल या भागांतून घेऊन जाणाऱ्या आणि पाळी सुटली की परत सोडणाऱ्या सगळ्या बसगाड्यांची देखभाल आता माझ्याकडे आहे. तुम्ही असताना जी बस नवी कोरी आली होती आणि जिच्यातून तुम्ही रोज संध्याकाळी घरी यायचात, ती आज आमच्याकडची सगळ्यांत म्हातारी गाडी. तिच्यात तुमची एक सीट ठरलेली होती. डाव्या मागच्या चाकाच्या बरोबर वरची, खिडकीची. बाकीचे ती टाळत, कारण रस्त्यातला प्रत्येक खड्डा तिथं थेट पाठीत बसतो. तुम्ही चपला काढून सीटखाली सरकवायचात, तळवे पत्र्यावर टेकवायचात आणि डोळे मिटायचात. लोकांना वाटायचं, थकला आहे माणूस.

ती बस येण्याच्या खूप आधीचा एक दिवस मला आठवतो. मी शाळेत आहे, उन्हाळ्याची सुट्टी आहे, आणि तुम्ही मला वर्कशॉप दाखवून परत आणता आहात. गाडी जुनी, पण जागा तीच, चाकावरची. मी खिडकीतून ट्रक बघते आहे. एकदम तुम्ही पायाच्या अंगठ्यानं माझा पाय दाबता. थोड्या वेळानं पुन्हा दाबता. "ऐकू आलं का वं?" मी नाही म्हणते. "कानानं नको ऐकू. शॉकअप गेला आहे, चाक जमिनीवर टिकून नाही राहिलं. उड्या मारून राहिलं." घरी आल्यावर आई पोळ्या लाटत होती, आणि तुम्ही हात धुता धुता तिला म्हणालात, "पोळी एका बाजूनं जाड काहून येते, मालूम आहे का तुले? पोळपाटाचा एक पाय झिजला आहे." आई म्हणाली, "मंग तुमीच लाटा." त्या दिवशी तुम्ही खरंच पोळपाट उलटा करून त्याच्या पायाला लाकडाची चकती ठोकून दिली. मला तेव्हा हसू आलं होतं. टायरचा दोष बहुतेक वेळा टायरमध्ये नसतो, हे मला त्या पोळपाटानं शिकवलं असं आता वाटतं. मात्र डोक्यात ते शिरलं फार उशिरा, मी कामाला लागले त्या वर्षी. एका गाडीचा टायर आतल्या कडेनं गुळगुळीत झाला होता, मी तो काढून नवा चढवला आणि तुम्हाला कौतुकानं दाखवायला आणलं. सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "गाडीनं टायर काहून खाल्ला, ते पायलं का? नाही पायलं. मंग हाही खाईल. उतरव." मी तो उतरवला. दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

आता या उन्हाळ्याचं सांगते. होळी झाली आणि ती म्हातारी बस डाव्या बाजूला मागून कलायला लागली. चालताना नाही, उभी असताना. सकाळी शेडचं दार उघडलं की बाकीच्या गाड्या सरळ उभ्या, आणि ही एका कोपऱ्यावर दबलेली. मागचा डावा टायर आतल्या कडेनं घासला जात होता. मी तुम्ही शिकवलं तसंच केलं, टायरला हात लावायच्या आधी वर बघितलं. चाकावरचे स्प्रिंगचे पाटे दमले असतील म्हणून नवे टाकले. शॉकअप बदलला, पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश बदलले. गाडी सरळ झाली. आठवडा गेला आणि पुन्हा कलली, त्याच कोपऱ्यावर. नव्या पाट्यांत दोष असेल म्हणून दुसरा जोड टाकला. पुन्हा तेच.

त्या गाडीवर अजून तुमच्या वेळचेच ड्रायव्हरकाका आहेत. एका सकाळी ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. गाडीकडे बघत म्हणाले, "ताई, रिकामी गाडी अशी नाही कलत. त्या कोपऱ्यात कोणी बसलं आहे." मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "बायाही तिथं बसत नाही. तुमी पायलं नसन. गाडी भरून उभ्या राहतात, पण ती सीट सोडून देतात."

मी दुसऱ्या दिवशी महालात बस थांबते तिथं जाऊन उभी राहिले. खरंच होतं. बाया दांड्याला लटकून उभ्या, आणि तुमची सीट रिकामी. सगळ्यांत शेवटी चढणाऱ्या बाईला मी हटकलं, "मावशी, जागा आहे ना, बसत काहून नाही?" तिनं तोंडाला ओढणी गुंडाळली होती, डोळे तेवढे दिसत होते. "तिथं कोणी आहे असं वाटते वं बाई."

"कोण?"

"आता ते मले काय मालूम? कोणी चपला काढून बसलं आहे, असं वाटते."

बाबा, ती बाई कामाला लागून वर्ष झालं नसेल. तुम्हाला तिनं कधी पाहिलं नव्हतं. चपलांचं मी काकांना विचारलं, तर ते म्हणाले, तुम्ही सीटवर काय करता हे त्यांना समोरच्या आरशात कधी दिसलंच नाही. घरी आईला मी काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून शेडमधून बाहेर पडताना मी त्या गाडीच्या उजव्या बाजूनं जायला लागले.

ऑफिसमधल्या साहेबांना गाडी थांबवायची नव्हती. फोनवर म्हणाले, "मॅडम, टायर इकडचे तिकडे करा, पाऊस लागेपर्यंत काढून घ्या." तसं करताही आलं असतं. टायर फिरवत राहिले असते तर उन्हाळा निघाला असता. पण चाळीसेक बाया त्या गाडीत बसतात, आणि गाडी टायर का खाते हे मला सापडलेलं नव्हतं. शेवटी मी ठरवलं की त्या सीटवर आपणच बसायचं.

मे महिन्यातली दुपार होती. सकाळची पाळी सुटली आणि बाया गाडीत चढल्या. लूच्या झळांच्या भीतीनं सगळ्यांनी तोंडं गुंडाळलेली. मी तुमच्या सीटपाशी गेले तेव्हा बोलणं थांबलं, आणि नुसते डोळे माझ्याकडे वळले. खिडकीपाशी सरकायचा मला धीर झाला नाही. मी मधल्या वाटेकडच्या कडेवर बसले. खिडकीतून ऊन थेट तिकडच्या रिकाम्या अर्ध्या सीटवर पडत होतं, रेक्झिन तव्यासारखं तापायला हवं होतं. मी हात ठेवला, तर ते थंड होतं. बाहेरून गरम वाफा येत होत्या आणि हाताखाली ते माठाच्या बुडासारखं थंडगार. मी हात काढून मांडीवर घेतला आणि चपला काढल्या.

अमरावती रोडवर त्या वेळी चिटपाखरू नव्हतं. दुकानांची शटरं खाली. मी तळवे टेकवून डोळे मिटले. खडखड, पत्र्याची थरथर, सगळं ओळखीचं. उड्डाणपुलाच्या अलीकडे रस्ता उखडलेला आहे, तिथं गाडी हळू झाली, आणि माझ्या डाव्या पायावर कोणीतरी अंगठा दाबला.

मी डोळे उघडले नाहीत. पुढच्या खड्ड्याला तो पुन्हा दाबला गेला, आणि या वेळी त्याच्या मागोमाग मला ते जाणवलं. एक बारीक टिचकी मारल्यासारखा धक्का. चाकापाशी नाही, पाट्यांतही नाही. पुष्कळ पुढे, गाडीच्या सांगाड्याला, चासीच्या अंगाला, जिथं मी एकदाही बघितलं नव्हतं. "काका, थांबवा!" मी ओरडले तेव्हा माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. गाडी पुलावर चढायच्या आधी थांबली. बाया उतरून एका बंद दुकानाच्या छपराखाली उभ्या राहिल्या. खाली बघितलं तर सीटजवळ फक्त माझ्या चपला होत्या.

वर्कशॉपमध्ये आम्ही दर वेळी गाडी आधी जॅकवर घेतली होती. या वेळी मी तिला तिथंच रस्त्यावर, चाकांवरच उभी ठेवली, दोन्ही बाजूंनी दगड लावले, पोतं अंथरलं आणि खाली शिरले. काकांना म्हटलं, पायरीवर उभं राहून वजन टाकत गाडी हलवा. पाट्यांचं पुढचं टोक चासीला ज्या लोखंडी ब्रॅकेटनं धरलेलं असतं, त्यावर वंगणाचा आणि धुळीचा बोटभर थर होता. स्क्रू-ड्रायव्हरनं तो खरवडला आणि मोबाइलचा टॉर्च लावला. ब्रॅकेट आडवं चिरलेलं होतं. काका वर दाबत, तशी भेग उघडायची, ते सोडत, तशी मिटायची, झोपलेल्या माणसाच्या तोंडासारखी. जॅकवर घेतली की भार जायचा आणि ती गच्च मिटायची, म्हणून कोणाला दिसलीच नव्हती. तिच्यामुळे चाक तसूभर मागे सरकलं होतं, गाडी त्या अंगावर दबत होती आणि टायर फरफटत होता. ते ब्रॅकेट फार दिवस टिकलं नसतं.

बायांसाठी दुसरी गाडी मागवली. ही टो करून आणली, ब्रॅकेट नवं बसवलं, अलाइनमेंट केली आणि टायर सगळ्यांत शेवटी बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली तर बस सरळ उभी होती. काका एक फेरी मारून आले आणि खाली उतरले. "हलकी वाटून राहिली," एवढंच म्हणाले. महालाच्या थांब्यावर मी पुन्हा जाऊन उभी राहिले. त्या दिवशी एक तरुण पोरगी चढली, सरळ तुमच्या सीटवर जाऊन बसली, डबा मांडीवर घेतला आणि गाडी सुटायच्या आधी खिडकीला डोकं टेकून झोपली. बाकीच्या बायांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुपारी गाडी रिकामी होऊन आली तेव्हा मी आत गेले आणि त्या रेक्झिनवर हात ठेवला. चटका बसला.

आता महिना होत आला आहे. गाडी टायर खात नाही. मी रोज सकाळी त्यावरून तळहात फिरवते, आतल्या कडेनं बाहेर आणि बाहेरून आत, तुम्ही दाखवलं होतं तसा. नक्षी सगळीकडे सारखी लागते. साहेब खूश आहेत, इतर गाड्यांचीही ब्रॅकेटं चाकांवर उभी ठेवूनच तपासायची असा आम्ही नियम केला आहे. हे आईला वाचून दाखवावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. नाही दाखवणार. कोणालाच नाही.

एक गोष्ट मात्र काकांनाही माहीत नाही. त्या दुपारी मी गाडीखाली पोत्यावर पडले होते, मोबाइल हातात होता आणि मी टॉर्च लावत नव्हते. "काय झालं ताई?" असं त्यांनी वरून दोनदा विचारलं. मी म्हणाले, डोळ्यात घाम गेला. घाम गेला नव्हता, बाबा. मी मनात म्हणत होते की इथं काही सापडू नये, त्या कोपऱ्यातला भार तुमचाच असावा.