वरणातली गोळी

रविवार, १७ जानेवारी, संध्याकाळ

सकाळी खलबत्ता जागेवर नव्हता, तेव्हाच ओळखलं, काहीतरी बिनसलंय. दिवाळीपासून त्याच खलबत्त्यात मी माझ्या बायकोची, सुनंदाची गोळी कुटतोय आणि तिच्या वरणात कालवतोय. ती "मला काय झालंय?" म्हणून गोळीला हात लावत नव्हती. मग करू काय? डॉक्टरांना मात्र सांगितलं, की स्वतः घेते.

दुपारी जेवायला बसलो तर तिनं घासून लख्ख केलेला खलबत्ता माझ्या ताटाशी ठेवला.

"वरण कडू लागतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं," ती म्हणाली. "तरी खाल्लं. आजार हाय, हे आता मलाही पटलंय. पण गोळी माझ्या हातात द्या."

कळत असून रोज खात होती! आणि मी स्वतःला हुशार समजत होतो.

मी गोळ्यांचं पाकीट दिलं. तिनं गोळी काढली, पाण्यासोबत गिळली. झालं. इतकं सोपं होतं.

आणि मी काय म्हणावं? "तोंड उघड, बघू दे."

तिनं उघडलं. मी न सांगताच जीभही वर करून दाखवली.