कुलूप लावण्याआधी एक हाक

ती. दादांना साष्टांग नमस्कार. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो की नाही ते कळवावे. आम्ही दोघेही धडधाकट आहोत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

बाबांना चार दिवस हवापालटाला न्यायचं आणि ‘एकट्यानं राहणं आता पुरे, मुलाकडे चला’ हे त्यांच्या गळी उतरवायचं, ही कामगिरी तुम्ही माझ्यावर सोपवलीत. (सख्खा मुलगा तुम्ही, पण कामाला जावई.) हे अतिथीगृह शेतांच्या मधोमध आहे. खोल्या चार, न्हाणीघर एक. खिडकीतून किल्ला दिसतो असं मालकीणबाई म्हणतात. मला पाण्याची टाकी दिसते. बाबांचा उभा जन्म शीतगृहाची दारं सांभाळण्यात गेला, त्यामुळे उघडं दार दिसलं की ते बंद करणारच, आणि त्याआधी आत डोकावून ‘आत कोणी आहे का?’ अशी हाकही मारणार. शेजारच्या खोलीतल्या नवपरिणीत जोडप्याला त्यांनी ओ द्यायला लावलीच. मालकीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, वडीलधाऱ्यांकडे जरा लक्ष ठेवा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काल किल्ल्यावर तोच प्रकार. दिसेल त्या कोनाड्यात बाबांच्या हाका, वळून वळून बघणारे लोक, आणि चार पावलं मागे राहून अनोळखी असल्याचा आव आणणारा मी. त्यातच आमची चुकामूक झाली. ऊन उतरलं. आणि दादा, खाली पहारेकऱ्याची दरवाजा बंद करायची घंटा वाजू लागली. मोबाईलला रेंज नाही. गार दगड, वर वटवाघळं, आणि डोक्यात एकच विचार, की आता तुमच्या बहिणीचं काय होणार. घसा बसेपर्यंत ओरडलो. अखेर जुन्या धान्यकोठाराच्या दाराशी आमची गाठ पडली. मी लहान मुलासारखा त्यांच्या गळ्यात पडलो. ते मात्र शांत, जणू काही घडलंच नाही. वय झालं म्हणतात ते हेच.

तेव्हा आता तुम्हीच येऊन त्यांना ठणकावून सांगा. असा माणूस एकटा राहणं बरं नव्हे.

ता. क. हे पत्र टाकायला बाबाच निघालेत, तेवढेच पाय मोकळे होतील म्हणून. काळजी नसावी, पाकीट चिकटवूनच देतोय.

ता. क. २ चि. बाळास आशीर्वाद. पाकीट एका कडेनं उघडं होतं. उघडं काही दिसलं की बंद करण्याआधी मी आत बघतो, हे तुला ठाऊक आहे. जावईबापूंनी लिहिलंय ते सगळं खरं, फक्त कोठाराच्या आत ते होते आणि बाहेर मी. लोक बघतात म्हणून माझ्यापासून लपायला आत शिरले, दार ओढून घेतलं आणि बाहेरची कडी पडली. पहारेकरी म्हणाला, वर आता कोणी नाही. मी म्हटलं, हाक मारल्याशिवाय कुलूप लावायचं नाही. त्यांना रागावू नकोस, फार घाबरले होते.

तुझी आई गेल्यापासून घराला कुलूप लावतानाही मी हाक मारतो. तुझ्याकडे यायला माझी ना नाही. पण तुमच्याकडे ज्याचं त्याचं दार बंद असतं. मी हाक मारली तर ओ देशील का, तेवढं कळव.