सीन लाभ, टेक लाभ

प्रिय भारत,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस. आणि वहिनींनी आधी फोडलं असेल तर त्यांनाही सांग, वाचा खुशाल, आता झाकण्यासारखं काही नाही. मी सुवर्णा, मखमलाबादच्या फुलवाल्या नवसाबाईची मुलगी, तुझ्या अर्धवट राहिलेल्या सिनेमाची हिरॉईन. सिन्नरला असते, दोन पोरींची आई झालेय आणि तू ओळखणार नाहीस इतकी जाड झालेय. आई गेली रे. चैत्रात गेली. कळवायला तुझा पत्ता नव्हता. परवा तुझा भाऊ सिन्नरच्या स्टँडवर भेटला, त्यानं पत्ता दिला. तू घर बदलतोयस आणि माळ्यावरच्या जुन्या कॅसेटी भंगारात काढतोयस, असंही जाता जाता बोलून गेला. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

त्या कॅसेटींत काय आहे हे तुला तरी आठवतंय का? पौष महिना होता. पौषात लग्नं नसतात म्हणून तुझ्या शेठचा व्हिडिओ कॅमेरा रिकामा पडलेला, तो तू गोड बोलून आणलास. खिशात दमडी नाही, पण क्लॅप पाहिजेच म्हणून हटून बसलास. कॅमेऱ्यातच आवाज भरतो, मग क्लॅप कशाला, असं मी विचारलं तर खेकसलास, की क्लॅपशिवाय तो सिनेमा नाही, लग्नाचं शूटिंग होतं. मग द्राक्षाच्या खोक्याच्या फळ्या जोडल्या. जुने सेल फोडून आतली काळी पूड गुळाच्या पाण्यात कालवून फासली, आणि पुढे कितीतरी दिवस त्याला मुंग्या लागत राहिल्या. झाडांच्या बुंध्यांना मारायच्या चुन्यानं पट्टे ओढले. बिजागरी आईच्या पत्र्याच्या पेटीची, तिला न विचारता काढलेली. एवढं करून वाजवला तर आवाज कसला, नुसता फुस्स! खोक्याचं लाकूड पोचट. आमचे आबा ओट्यावरून बघत होते. उठले आणि मोडक्या औताचं बाभळीचं लाकूड तासून दोन पट्ट्या करून दिल्या. मग असा खाडकन वाजला की बांधावरचे बगळे उडाले.

आईनं मला काम करू दिलं ते एका अटीवर. पोरगी एकटी येणार नाय, मी संगं येणार. आली की मध्ये मध्ये बोलायची, म्हणून तू शहाणपणा करून क्लॅप तिच्याच हातात दिलास. मान्य आहे, डोकं चाललं तुझं. तू शिकवलंस, म्हणा मावशी, सीन एक, टेक एक. ती म्हणाली, सीन लाभ, टेक लाभ. आमच्यात फुलांच्या पाट्या मोजताना पहिलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, मग दोन, तीन. तू कपाळावर हात मारलास. तर तीच तुला शिकवायला लागली, आधीच पौषात काढतोस, त्यात एक म्हनून सुरवात करू व्हय? लाभ म्हन, बरकत ऱ्हाती. फळीवर तू खडूनं १ लिहायचास आणि ती लाभच म्हणायची, शेवटपर्यंत हटली नाही. चिडायचास, पण हसू दाबून.

आणि तो विहिरीवरचा शॉट. मी नुसतं मागं वळून बघायचं होतं. मी चुकत नव्हते, तुलाही माहीत होतं, तरी तू पुन्हा एकदा, पुन्हा एकदा करत राहिलास. शेवटी आईनं क्लॅप काखेत मारला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, पोरीचं तोंड पाठ करतो का काय रं? तू कॅमेऱ्यामागं लपलास. मी हसले आणि घरी जाऊन रडले. फाल्गुनात माझं सिन्नरला जमलं. तू कॅसेटी पिशवीत कोंबून ठाण्याला गेलास. आईनं मला काही विचारलं नाही, मी तिला काही सांगितलं नाही. राग होता का? होता, लय होता. नवरा भला माणूस मिळाला म्हणून हळूहळू निवला. शेवटच्या आजारपणात मी तिचे पाय चेपत होते, तर मध्येच म्हणाली, त्या पोराचा शिनेमा झाला का गं पुरा? मी नाही म्हटलं. माज्यामुळं ऱ्हायला, म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

आबांना आता दिसत नाही. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. आईचा फोटो मोठा करून, हार घालून लावलाय, पण तो आम्हाला. आबा त्या फोटोखालीच बसतात आणि त्यांना त्याचा काय उपयोग? सकाळी शेडमध्ये झेंडूच्या पाट्या भरतात तिथं जाऊन बसतात. जन्मभर त्या पाट्या आईनं मोजल्या. आता आमचा गडी मंगळू मोजतो, एक, दोन, तीन, की आबा उठून निघून जातात. मागच्या आठवड्यात मी माहेरी गेले होते तर माझा हात धरून म्हणाले, सुवर्णे, तुज्या आईचा आवाज कानातनं चाललाय गं, धरून ठेवतो पन ऱ्हात नाय. मी तिच्यासारखं लाभ म्हणून बघितलं. तसं नाय, म्हणाले. तो क्लॅप त्यांनी उशाशी ठेवलाय. वाजवतात. बाभळीची पट्टी अजून तशीच खाडकन वाजते, पण तिच्याआधी काही ऐकू येत नाही.

म्हणून लिहिलं, भारत. आईचा आवाज दुसरीकडे कुठंही नाही. घरच्या टेपवर आम्ही गाणी भरली, पोरींची बडबड भरली, पण तिला बोल म्हणायचं कुणाला सुचलं नाही. सिनेमात ती नाही, मी आहे. मला मी नको. विहिरीवरचं माझं वळून बघणंही नको, ते तू ठेव नाहीतर पूस. तू ॲक्शन म्हणायच्या आधीचं, जे पुढं कापूनच टाकायचं असतं, तेवढं मला पाठव. भंगारवाला येऊन गेला असेल तर त्याच्या मागं धाव, तुला माझी शपथ आहे. आबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. कॅसेट आली की शेडमध्ये टीव्ही नेऊन लावीन, त्यांना शेजारी बसवीन, आणि मंगळूला म्हणेन, आज तू मोजू नकोस.

एवढ्या एका पत्रापुरती
तुझीच,
सुवर्णा