पोळ्याच्या दिवशी आलेलं चाक

बा,

तू गेलास तेव्हा जेवढा म्हातारा होतास, त्याहून मी आता म्हातारा झालोय. दमलोय रे. काम काही नाही, तरी दमतो. चहा होईस्तोवर बसल्या जागी डुलकी लागते. सून म्हणते, बाबा, मनात असेल ते लिहून काढा, हलकं वाटेल. तिला काय जातं म्हणायला! पण आज बसलोच आहे, तर तुलाच लिहितो. असा थकवा मला आयुष्यात आधी एकदाच आला होता, त्या पुराच्या पावसाळ्यात, आणि तेव्हा तू सोबत होतास.

माझं काम तुला कधी नीट कळलं नाही. गावात तू छाती काढून सांगायचास, "पोरगा इमान चालवते." मी विमान चालवत नव्हतो, बा. ते उडण्याजोगं ठेवायचं, एवढंच माझं काम. हवाई दलाच्या आमच्या मूळ तळावर ते सोपं असायचं. मोठी शेड, शेजारीच सामानाचं भांडार, मागितला की पाना हातात, आणि अडलं तर विचारायला चार जाणती माणसं. तळ सोडून बाहेर गेलं की तेच काम जीव खातं. त्या वर्षी प्राणहिता आणि गोदावरी दोन्ही चढल्या, सिरोंच्याकडची गावं पाण्यानं तोडली, आणि वरून तांदळाची पोती टाकायला आमचं एक डाकोटा विमान चांद्याजवळच्या जुन्या धावपट्टीवर धाडलं. लढाईच्या दिवसांत मुरूम अंथरून केलेली ती पट्टी. एका टोकाला पळसाचं रान, दुसऱ्या टोकाला नाला. शेड कसली अन् काय! ताडपत्रीखाली आम्ही मूठभर माणसं, आणि त्यांच्यावर मी, नवाकोरा सार्जंट. काही बिघडलं की मूळ तळाला तार करायची आणि रेल्वेची वाट पाहायची. मधल्या वेळात कलेक्टर आमच्या वैमानिक साहेबांना विचारणार, साहेब मला विचारणार, आणि मी कुणाला विचारणार? आभाळाला.

पेट्रोलची पिंपं चांद्याच्या स्टेशनात उतरायची. तिथून पट्टीपर्यंत काळ्या मातीचा असा रेंदा, की ट्रक पहिल्याच दिवशी रुतून बसला. मग बैलांच्या भाड्याच्या बंड्या लावल्या. एक दिवस पाहतो तर पिंपांच्या बंडीवर तू! मी काही तुला बोलावलं नव्हतं. "काऊन आला बा?" म्हटलं, तर उतरायच्या आधीच फटकन बोललास, "पोट्टी पान्यात हाये अन् मी घरी बसून राहू का?"

आपली धाकटी त्याच पाण्यात होती. जावई जंगलखात्यात नाकेदार, बदली नदीकाठच्या गावी, पदरी दोन लेकरं. तिच्या गावचा काही सांगावा नव्हता. विमान परतलं की तू बैल सोडायच्या आधी माझ्याकडे यायचास. "आज तिकडं टाकलं का?" मी म्हणायचो, "उद्या." टाकायची गावं वर ठरायची, माझ्या हातात काही नव्हतं. शेवटी तिच्या गावाचा नंबर लागला, आणि नेमकं त्याच्या आदल्या फेरीला उतरताना विमानाचा टायर फुटला. एका बाजूला कलून ते असं बसलं की पाहवेना. चाकही वाकलेलं. सोबत दुसरं नव्हतं. तार केली. तू विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्यास आणि बैलांना पाणी दाखवायला गेलास.

पोळ्याची आदली संध्याकाळ मला स्वच्छ दिसते. तू बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळतोयस, पळसाच्या पानानं शेकतोयस, आणि त्यांच्या कानाशी लागून म्हणतोयस, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माझी पंजाबी, मद्रासी पोरं तोंड वासून पाहतायत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनातून माणूस आला, की चाकाची पेटी उतरली आहे.

मी धावतच तुझ्याकडे आलो. "बा, बंडी जुंप. चाक आलं."

"आज?"

"मंग कधी? चाक लागलं की इमान उडते, अन् धाकटीच्या गावी तांदूळ पडते."

तू बैलांकडे पाहिलंस. अंगावर झूल, शिंगांना बेगड. "काल आवतन देल्लं त्याईले. जेवाले बलावून मानेवर जू ठेवू का?"

"तुही पोट्टी उपाशी हाये!"

"मले माहीत हाये. तू नोको सांगू मले."

बाकीचे बंडीवाले खाली मान घालून उभे. कुणी हललं नाही. माझं डोकंच फिरलं. साहेबाला काय सांगू, की देशाचं विमान बैलांच्या जेवणापायी अडलं? मी काहीतरी वेडंवाकडं बोलणार, तेवढ्यात तू डोईचं मुंडासं सोडलंस, घडी करून खांद्यावर टाकलंस आणि बंडीचं जू स्वतः उचललंस. "बैलाले सुट्टी हाये. मले कोनं देल्ली?"

मग मी दुसऱ्या बाजूला लागलो. न लागून करतो काय! रिकामी बंडी नेताना पोरं मागून हसत होती. परतताना पेटी चढली आणि हसणं संपलं. चिखल पोटऱ्यांपर्यंत. तू सारखा खेकसत होतास, "खांद्यानं नोको वढू, छाती दे! कुठी पाहून राह्यला?" वाटेतल्या गावात दारोदार पळसाच्या फांद्या लावलेल्या, बाया बैलांची वाट पाहत ताटं घेऊन उभ्या. आम्हाला पाहून एक म्हातारी ओरडली, "हे पाहा वो माय, आवंदा मानसायचा पोळा!" आणि खरंच पुढे आली, आपल्या दोघांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, आणि पुरणपोळीचा घास तुझ्या तोंडात कोंबला. तू जू न सोडता खाल्लास. त्या सगळ्या दिवसांत तू हसलेला मी तेवढा एकदाच पाहिला. माझा खांदा सोलून निघाला होता, तरी त्या वेळी मला फार बरं वाटलं, बा. शाळेत गेलो तेव्हापासून तुझ्यासोबत मी एकही काम असं केलं नव्हतं.

सागाच्या फळ्यांवर जॅक लावून चाक चढवलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. एक फेरी मारण्याइतका उजेड होता. पोती भरलेली, साहेब बूट बांधून तयार. मी शेवटचा हात फिरवायला खाली वाकलो, तर ब्रेकच्या कडेला लाल ओल. ब्रेकमधलं तेल लालच असतं. एका बाजूचा ब्रेक गळत असेल, तर उतरताना विमान गर्रकन वळतं, आणि आमच्या पट्टीच्या टोकाला तर भरलेला नाला. आत चार माणसं. ब्रेक उघडून पाहायचा म्हणजे चाक पुन्हा उतरवायचं, तोवर अंधार.

साहेबांनी विचारलं, "बोलो सार्जंट, जाएँ?"

ते माझ्या शब्दावर गेले असते. मी म्हटलं, "नहीं साब. कल सुबह."

तू तिथेच होतास. हिंदी तुला तेवढं कळत होतं. तू माझ्यावर असा धावून आलास की पोरं मधे पडली. "आंगाचं कातडं सोललं आमी! अन् तू म्हनते उद्या? दगड हायेस का रे तू? थे तुही बहीन होय!" चार लोकांत बापानं असं बोलावं, आणि मी वरिष्ठ! मीही भडकलो. म्हटलं, "तू जुंपले का आज बैल?"

तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस, मग जाऊन बैलांपाशी बसलास. जेवला नाहीस. मीही नाही.

सकाळी विमान उडालं. पोती धाकटीच्या गावच्या टेकाडावर पडली, साहेब म्हणाले, खाली माणसं हात हलवत होती. तू बैल जुंपलेस आणि पिंपं आणायला निघून गेलास. त्या बोलण्याचा विषय तू काढला नाहीस, मी काढला नाही.

दिवाळीला धाकटी माहेरी आली. मीही रजेवर होतो. वाळून काटकी झालेली, पण जिती, लेकरंही जिती. चुलीपाशी बसून ती आईला पुराच्या गोष्टी सांगत होती, काहीबाही हसून. मधेच म्हणाली, "पोयाच्या रात्री तं काईच नोयतं वो घरी. चिंचोके भाजून देल्ले पोट्ट्यायले. लहान्यानं रातभर कल्ला केला, अन् मंग कल्ला करनंई सोडलं. मले वाटलं, गेला." आई रडायला लागली. तू उठलास आणि गोठ्याकडे गेलास. मी तिथेच बसून राहिलो, भाकरीचा तुकडा हातात. तुझ्या मागे यावं असं फार वाटलं. आलो नाही.

त्यानंतर तू किती वर्षं जगलास, आपण किती वेळा शेजारी बसलो, पीकपाण्याचं बोललो, बैलांचं बोललो. आता हे पत्र टाकायला टपालाची पेटी नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं. पण एवढं लिहितो. त्या सकाळी मी ब्रेक उघडला तेव्हा आत काही नव्हतं. नळी कोरडी, ब्रेक चांगला. चाक चढवताना आमच्यातल्याच कुणाच्या तरी हातून डब्यातलं तेल सांडलेलं, तीच ती ओल. फडक्यानं पुसलं, चाक चढवलं, आणि साहेबांना म्हटलं, जा. तुला म्हटलं, "दुरुस्त झालं."

पुन्हा ती वेळ आली तर मी पुन्हा थांबवीन, बा. माझ्या कामात दुसरं उत्तर नाही, आणि हे कुणाला समजलं असतं तर तुलाच. म्हणून आजवर मी स्वतःला सांगत आलो, की बानं विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं. नसतं सांगितलं.